चार खटक्यांचा घोडा

चिटगुप्प्यात हुमनाबादच्या रस्त्याला काशीअण्णांची वेल्डिंगची शेड होती. तिथं येणाऱ्याचं स्वागत नावानं होत नसे, वजनानं होई. "या सर, ब्याण्णव," असं म्हणत ते माझ्याकडं लोखंडी स्टूल सरकवायचे. शेडमध्ये वजनकाटा नव्हता. एकदा दिवाळीनंतर मी घरी वजन करून, पोट आत ओढून, शर्ट बाहेर सोडून गेलो. अण्णांनी ग्राइंडर थांबवला, काळा चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "या सर. श्वास सोडा आदी. चौऱ्याण्णव."

घरच्या काट्यानं त्र्याण्णव दाखवले होते. दुसऱ्या दिवशी मी काटा दुरुस्तीला टाकला. तो खरोखर एक किलो कमी दाखवत होता.

ही अण्णांची खोड नव्हती, कामाची पद्धत होती. फाटक करायला सांगितलं की ते विचारणार, "घरात पोरं किती? फाटकाला लटकून झोके घेत्यात का?" खाट सांगितली की सासऱ्यांची तब्येत विचारणार. "लोखंड मागून मोजायचं असतंय. आदी मानूस मोजायचा. बसनार कोन, लटकनार कोन, लाथ मारनार कोन." आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला व्यासपीठ त्यांनीच जोडून दिलं होतं. "आठशे किलो," एवढंच सांगून ते पहिल्या रांगेत बसले. पाहुणे वाढत गेले तसे अण्णांचे ओठ हलत गेले. शेवटी आभार मानायला मी पायरीवर पाय ठेवला, आणि ते उठून सगळ्या गावासमोर म्हणाले, "सर, तुमी खालूनच आभार माना. वरची जागा संपली." मी खालून आभार मानले. माइक वरच होता, त्यामुळे ते कुणाला ऐकू आले नाहीत. माझं त्यातल्या त्यात चांगलं झालेलं भाषण तेच, असं पुष्कळांचं मत आहे.

दुसरी पद्धत खडूची. अण्णांनी आयुष्यात कागदावर आकृती काढली नाही. शेडची जमीन शहाबादी फरशीची होती आणि करायची वस्तू ते त्या फरशीवर, आहे त्या मापात काढायचे. खिडकी काढली तर ती खिडकीएवढीच. त्यामुळं शेडमध्ये चालणं जोखमीचं होतं. कुणी आत शिरलं की अण्णांचा आवाज यायचा, "ओ मामा, तुमी चौकटीत हुबारलाव. जरा इकडं या." मी स्वतः कित्येकदा बिजागरीवर उभं राहून गप्पा मारल्या आहेत.

मी त्या वेळी तिथून पाच-सहा किलोमीटरवरच्या खेड्यात, कानडी राज्यातल्या एका मराठी शाळेचा मुख्याध्यापक होतो. मुख्याध्यापक म्हणजे तीन शिक्षकांपैकी ज्याला फोन येतात तो. शाळेला चुना मारायचं काम दरवर्षी सुमनअक्का घ्यायच्या. सुमनअक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. आमच्या भागात स्वतःच्या नावानं रंगाची कामं घेणारी बाई ती एकटीच. त्यांची ख्याती होती वरच्या रेघेची. भिंत आणि छत मिळतात तिथं रंगाची एक रेघ येते. बाकीचे रंगारी त्यासाठी दोरा ताणतात. अक्का दोरा न धरता, एका श्वासात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत जायच्या. काम झाल्यावर लोक आत येऊन आधी वर बघायचे.

तर एका मे महिन्यात अक्कांनी वर्गाच्या भिंतीला बांबूची शिडी लावली. खाली शहाबादी फरशी, वर्षानुवर्षं पोरं बसून बसून आरशासारखी झालेली. "सर, खालून जरा धरा," अक्का म्हणाल्या. मी धरली. अक्का छतापाशी पोचल्या, ब्रश चालू झाला, आणि माझा फोन वाजला. तालुक्याहून साहेब होते.

इथं मला माझी एक जुनी व्याधी सांगायला हवी. साहेबांचा फोन आला की मी सावधान उभा राहतो. उजव्या हातात फोन, डावा हात मांडीला चिकटलेला, टाचा जुळलेल्या. साहेब कानडीत विचारत होते, शाळेत पंखे किती आणि त्यातले फिरतात किती. मी "हौदु सर, हौदु सर" म्हणत मोजायला वर पाहिलं, आणि पंख्याऐवजी शिडीच फिरताना दिसली.

आधी चुन्याची बादली आली. ती माझ्या डोक्यावर आली, हे योग्यच झालं. मग अक्का आल्या, त्या फरशीवर. उजव्या पायाचा घोटा मोडला. पडल्या जागेवरून, पांढऱ्याफटक मुख्याध्यापकाकडं बघत त्यांनी विचारलं, "सर, फोन झाला का?"

ही गोष्ट सांगताना इथं लोक हसतात. मीही हसतो. पण अक्कांनी ते चेष्टेनं विचारलं नव्हतं. फोन झाला असेल तर उचलायला या, एवढाच त्याचा अर्थ होता.

दोन दिवसांनी मी माफीचं भाषण पाठ करून शेडवर गेलो. दुसऱ्या वाक्याला अण्णांनी थांबवलं.

"सर, कुठल्या हातानं धरला होताव?"

"दोन्ही."

"आनि फोन?"

मी उजवा हात दाखवला.

"मग डावा काय करायलता?"

मी डावा हात मांडीला चिकटवून दाखवला. अण्णांनी त्या हाताकडं बघितलं. मग म्हणाले, "तुमची चूक न्हाई, सर. शिडीची हाय. जिला खाली मानूस लागतंय, ती शिडी अर्धीच केल्याली हाय."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. एखादा गंजका नट बाजूला टाकावा तसं त्यांनी मला माफ केलं होतं. पुढं यापेक्षा चांगल्या वस्तूवर काम करायचं, असं ठरवून.

त्याच दुपारी त्यांनी फरशी पुसून घेतली आणि घोडा काढायला बसले. आमच्याकडं घोडा म्हणजे दोन्ही बाजूंना पाय असलेली, भिंतीचा आधार न घेता उभी राहणारी घडीची शिडी. असे घोडे बाजारात मिळतात, पण अण्णांना त्यातला एकही पसंत नव्हता. एकट्या बाईला खांद्यावर घेता आला पाहिजे. घडी घातल्यावर टमटममध्ये, बसलेल्यांच्या पायात न येता, मावला पाहिजे. गुळगुळीत फरशीवर आणि काळ्या मातीच्या अंगणात सारखाच उभा राहिला पाहिजे, म्हणून पायांना टायरच्या रबराचे बूट. आणि उंच छत असेल तर चारी पाय लांबले पाहिजेत. पाइपात पाइप, आतला खाली सरकवायचा आणि हवा तिथं खटक्यानं अडकवायचा.

"पाय लांबवनं सोपं हाय," अण्णा म्हणाले. "लांबल्याला पाय तिथंच ऱ्हायला पायजे. सगळी करामत खटक्याची हाय."

"आणि खाली धरायला?" मी विचारलं.

"कुनी न्हाई."

हे माझ्याकडं न बघता म्हणण्याचा सज्जनपणा त्यांनी दाखवला.

मीही हातभार लावायचं ठरवलं. गणित शिकवतो, तेव्हा आलेखाच्या कागदावर, एकास दहा प्रमाणात, घोड्याची सुबक आकृती काढून नेली. अण्णांनी ती दोन्ही हातांनी घेतली, पट्टी लावून माप बघितलं आणि "लई नामी काम" म्हणाले. दोन दिवसांनी मला बोलावणं आलं. टेबलावर बारीक सळईचा, वीतभर उंचीचा घोडा उभा होता. पायऱ्यांसकट. बिजागरीसकट.

"तुमी काढलाव तसाच केलो, सर. सुतभर इकडं न्हाई का तिकडं न्हाई. पर सुमन ह्याच्यावर चढंल कशी, तेवढं मला सांगा."

शेजारचा पंक्चरवाला आणि त्याची दोन गिऱ्हाइकं हसण्यासाठी आधीच येऊन बसली होती.

पहिला खटका स्प्रिंगचा होता. पाइपाला भोक, भोकात खिळा, खिळ्यामागं स्प्रिंग. तपासायला वजन हवं होतं, आणि माझ्याइतकं रिकामं वजन तालुक्यात दुसरं नव्हतं. आठ दिवस शाळा सुटल्यावर मी चढलो, उतरलो. खटका बसत होता. मग अण्णांनी मुद्दाम पाइपांवर चुन्याचं पाणी मारून घोडा दोन दिवस उन्हात ठेवला, कारण अक्कांचं काम चुन्यातलं. तिसऱ्या दिवशी मी चहाचा कप हातात घेऊन ऐटीत चौथ्या पायरीवर गेलो. चारी खिळे बसलेले दिसत होते. एका भोकात चुना वाळला होता आणि तिथला खिळा निम्माच आत होता. डावा पाय वीतभर खाली गेला, घोड्यासकट मी कलंडलो आणि कोपऱ्यातल्या जुन्या कुलरला मिठी मारून थांबलो. चहा कुलर प्यायला.

अण्णा हसले नाहीत. मला काही लागलं नाही एवढं बघून त्यांनी ग्राइंडर उचलला आणि चारी खटके कापून काढले.

"अण्णा, तीन तर चांगले होते," मी म्हणालो.

"सुटल्याला खटका डोळ्याला दिसतंय, मानूस चढतच न्हाई. निम्मा बसल्याला खटका फसवतंय. असला खटका जेवायच्या आदी मेला पायजे." मग त्यांनी हात धुतले आणि डबा उघडला. पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी आणि भाकरी. अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "घ्या. वजन कमी होऊ देऊ नका, अजून लई तपासनी हाय."

दुसऱ्या खटक्याला स्प्रिंगच नव्हती. त्यासाठी आम्ही हुमनाबादला मस्तानभाईंच्या भंगारात गेलो. अण्णा ढिगावर बसून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखालच्या पोलादी पाट्यांचे तुकडे हातोडीनं वाजवून कानाशी धरत होते. अर्धा दिवस हे चाललेलं बघून मस्तानभाई म्हणाले, "अण्णा, लोहा लेरें की तबला?"

"हौ भाई," अण्णा म्हणाले, "जे सुरात बोलंल तेच लेऊंगा."

त्या पाट्यातून त्यांनी चार आकडे कापले. आकडा स्वतःच्या वजनानं खाली पडायचा आणि आतल्या पाइपाच्या खाचेत तोंड घालायचा. वर माणूस चढला की तो आणखी घट्ट व्हायचा. सोडवायचा तर आधी घोडा उचलावा लागे. म्हणजे वर माणूस असताना खालून कितीही लाथा मारा, सुटणार नाही. अण्णांनी त्यात चुना भरून बघितला, काळी माती भरून बघितली, तुरीचा भुसा भरून बघितला. शेवटी माझ्या खांद्यावर जोंधळ्याचं लहान पोतं देऊन मला वरच्या पायरीवर उभं केलं आणि खालून खटक्याला चार लाथा घातल्या.

"एकशे बावीस," ते म्हणाले. "बसलं."

'बसलं' हे त्यांच्याकडचं सगळ्यात मोठं कौतुक. 'पक्कं' हा शब्द ते वापरत नसत. पक्कं हे वापरणाऱ्यानं म्हणायचं असतं, असं त्यांचं मत होतं. आणि वापरणारी अजून चढायची होती.

अक्कांचा घोटा एव्हाना जुळला होता. त्या कामाला जात होत्या, पण हात पोचेल तिथपर्यंतच. त्याच्या वरचं दुसऱ्या कुणाला द्यायच्या. जिची वरची रेघ बघायला लोक माना वर करायचे, ती बाई काम संपवून वर न बघता बाहेर पडायची. आणि याबद्दल नवरा-बायको एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. भाजीत मीठ कमी आहे यावर बोलत, पाहुण्यांवर बोलत, त्या पडण्यावर नाही. अण्णांनी एके सकाळी घोडा अंगणात आणून उघडला आणि स्वतः पाठ करून नळाची चावी दुरुस्त करू लागले. अक्का आल्या. पहिली पायरी चढल्या, दुसरी चढल्या. तिथं थांबून दोन्ही हातांनी कड धरली. मग उतरल्या. "बगू नंतर," म्हणाल्या आणि आत गेल्या. अण्णांनी त्या दिवशी चांगल्या चावीचा आटा तोडला.

पुढं थंडी गेली, उन्हाळा लागला. घोडा शेडमध्ये नुसता उभा होता. अशात कलबुर्गीचा एक ठेकेदार फाटकाच्या कामासाठी आला. त्यानं घोडा बघितला, चढून बघितला, वर उडी मारून बघितली.

"असले वीस करून द्या अण्णा. पावसाळ्याच्या आत."

शेडला एवढं मोठं काम आजवर आलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "झाला न्हाई अजून."

"काय राहिलंय? मी चढलो की आत्ता."

"तुमी एकोणऐंशी किलोचं धडधाकट मानूस हाव. तुमाला कसलाबी चालतंय. जिच्यासाठी केलो ती चढली, तर घोडा झाला. न्हाई तर हे नुसतं लोखंड हाय."

ठेकेदारानं माझ्याकडं बघितलं. मी चेहरा तटस्थ ठेवला. बुद्धपौर्णिमेपर्यंत थांबतो, नाही तर काम दुसरीकडं देतो, असं सांगून तो गेला. जाताना फोन नंबर माझा घेऊन गेला, कारण अण्णा फोन उचलत नसत.

म्हणून मी मध्ये पडलो. पडण्याचा मला सराव आहे. अक्का अंगणात शेंगा निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, "अक्का, तुम्ही चढा. मी स्वतः खाली धरतो."

अक्कांनी हातातली शेंग फोडली. "तुमी धरनार?"

"फोन घरी ठेवून येतो."

"नगं, सर." मग जरा वेळानं, शेंगांकडंच बघत, त्या म्हणाल्या, "वर गेल्यावर खालचं कळत न्हाई."

एवढंच वाक्य. हे जसंच्या तसं शेडवर नेऊन पोचवायचं, इतकंच माझं काम होतं. पण शिक्षकांसाठीचं मनाच्या आरोग्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मी नुकतंच घेऊन आलो होतो. मी वाक्य वाटेतच टाकून दिलं आणि निदान घेऊन पोचलो.

"अण्णा, अक्कांना उंचीची भीती बसली आहे."

अण्णांनी विश्वास ठेवला. मास्तर सांगतोय म्हणजे खरं, असं मानणारी माणसं ती. पुढचे तीन आठवडे त्यांनी वरच्या पायरीला कठडा केला, मग दोन्ही बाजूंना धरायला दांड्या, मग पाठ टेकायला पट्टी. पायऱ्या रुंद केल्या. घोडा टमटममध्ये मावेना, आणि त्याला उचलायला दोन माणसं लागू लागली. मी रोज संध्याकाळी जाऊन आणखी एखादी दांडी सुचवत होतो.

पौर्णिमेला बारा दिवस उरले असताना अक्का डबा घेऊन शेडवर आल्या आणि घोडा बघून दारातच थांबल्या.

"हे काय करायलाव? वरातीत न्यायचाय का ह्याला?"

अण्णा चाचरले. "तुला उंचीचं भ्याव हाय म्हनून..."

"मला? परवा आंब्याच्या शेंड्यावर चढून कैऱ्या कोन काढली? कुनी सांगितलं तुमाला?"

अण्णांनी सावकाश माझ्याकडं बघितलं. अक्कांनीही बघितलं. मी खाली फरशीकडं बघितलं.

"सरांनी सांगितलं व्हय," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि माझ्यावरून नजर काढून नवऱ्याकडं वळवली. त्या पडण्याबद्दल त्या त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होत्या, आणि मध्ये मी नव्हतो.

"उंचीचं काय न्हाई ओ. वर गेलं की हात रंगात असत्यात, डोळे भिंतीवर. खटके तुमचे खाली. चढस्तोवर दिसत्यात, चढल्यावर न्हाई. त्या दिवशीबी मला वाटायलतं, सर हायत खाली."



"खटका सुटत न्हाई, सुमन," अण्णा म्हणाले. "मी सांगायलोय की."

"तुमाला ठाव हाय. तुमी खाली हाव."

अण्णा स्टुलावर बसले. वर्षभर त्या घोड्याला त्यांनी चहूबाजूंनी बघितलं होतं, ठोकून, वाकून, आडवं पडून. पण बघितलं होतं ते जमिनीवरून. मी वर चढत होतो, पण मी काही बघत नव्हतो. मी चहा पीत होतो.

"मग वर तुला कसं कळावं?" अण्णांनी विचारलं.

"हाताला कळू द्या. डोळ्याला सवड नसतंय."

"कुठल्या?"

"डाव्या. उजव्यात ब्रश असतंय."

अण्णांनी खिशातला खडू काढून त्यांच्यापुढं धरला. "दाव."

फरशीवर घोडा काढलेला होताच, आडवा, पूर्ण उंचीचा. अक्कांनी चपला काढल्या आणि खडूच्या पायऱ्यांवरून एकेक पाऊल टाकत शेवटच्या पायरीच्या अलीकडपर्यंत चालत गेल्या. तिथं उजवा हात भिंत रंगवल्यासारखा हवेत फिरवला, डावा आपोआप जिथं पडला तिथं वाकून फुली मारली आणि खडू परत दिला. "जेवून घ्या," म्हणाल्या आणि गेल्या.

कठडा, दांड्या, पट्टी, पायऱ्यांची वाढवलेली रुंदी, सगळं जेवायच्या आधी कापलं गेलं.

आता खालचा खटका वरच्या हाताशी बोलायला हवा होता. पाइपात पाइप सरकत असल्यामुळं आतून काही नेता येईना. अण्णांनी प्रत्येक पायाच्या पाठीला बारीक नळी जोडली आणि तिच्यातून एक सळई वर नेली. आकडा खाचेत पुरा बसला की सळई ओढली जायची आणि वरच्या टोकाचं लोखंडी बोंड सगळ्यात वरच्या पायरीत बुडायचं. आकडा बसला नसेल, किंवा निम्माच बसला असेल, तर बोंड बोटासारखं वर राहायचं. चार पाय, चार खटके, चार बोंडं, आणि चारी त्या फुलीवर, डाव्या तळव्याखाली. उजवीकडच्या सळया पायरीखालून वळवून आणण्यात आठ दिवस गेले. मध्येच ठेकेदाराचा मला फोन आला. त्या सळयांची भानगड कशाला, काढून टाका, माल हलका होईल, म्हणाला. मी निरोप सांगितला. अण्णा म्हणाले, "त्याला सांगा, हलका घोडा बाजारात लई मिळतंय."

कमठाणा हे अक्कांचं माहेर. तिथल्या विहाराला पौर्णिमेच्या आधी रंग द्यायचा होता. सभागृहाचं छत चौदा फूट उंच, आणि ते काम अक्कांनी आपणहून मागून घेतलं होतं. सकाळी दोघं घोडा घेऊन टमटमनं निघाली, मागं मोटारसायकलवर मी. निघतानाच ठेकेदारानं मला फोनवर बजावलं होतं, आज हो किंवा नाही कळवा. अण्णा म्हणाले, "दुपारी सांगतो."

विहारात अक्कांची भावजय आणि माहेरच्या तीन-चार बायका झाडलोट करत होत्या. अक्कांनी घोडा स्वतः उघडला, एकेक पाय स्वतः लांबवला. अण्णा दारात उभे होते, चौकटीला हात लावून. अक्का पहिली पायरी चढल्या, दुसरी चढल्या आणि थांबल्या. बायकांचे झाडू थांबले. मग तिसरी, चौथी. तिथून वरच्या पायरीपर्यंत हात पोचत होता. डावा तळवा बोंडांवरून सावकाश फिरला, एकदा इकडून, एकदा तिकडून. पाचवी. सहावी.

मी न राहवून पुढं झालो आणि घोड्याला हात लावला. वरून आवाज आला, "सर, हात काढा. तुमी हालवायलाव."

मी हात काढला. घोडा हलायचा थांबला.

अक्कांनी निळ्या रंगात ब्रश बुडवला आणि कोपऱ्यातून रेघ सुरू केली. हातभर गेल्या, बोंडं चाचपली. पुन्हा हातभर, पुन्हा चाचपली. उतरून घोडा सरकवला, चढल्या, चाचपली. तिसऱ्यांदा चढल्यावर, ब्रश चालता ठेवून, त्यांनी छताकडं बघतच विचारलं, "गे वैनी, तुज्या म्हशीचं काय झालं मग?"

म्हशीचं बरंच काही झालं होतं. भावजय झाडू टेकवून सांगू लागली, अक्का वरून शंका विचारू लागल्या, आणि रेघ सरळ पुढं जात राहिली.

ठेकेदाराला काय कळवायचं ते विचारायला मी वळलो, तर अण्णा दारात नव्हते. मी बाहेर आलो. पुढं त्यांनी वीस घोडे केले, सळयांसकट, आणि ठेकेदारानं कुरकुरत का होईना, ते नेले. ते मी नुसतं ऐकलं, कारण त्याच आठवड्यात माझी औरादकडं बदली झाली, आणि अण्णा पुढच्या थंडीत गेले. माझ्याकडचे शेवटचे अण्णा आहेत ते त्या दुपारचे. विहाराच्या बाजूला लिंबाखाली, चपला उशाला घेऊन, ते गाढ झोपले होते. तोंड उघडं, एक पाय दुसऱ्यावर. अंगावर पडलेली लिंबाची फुलं तशीच होती.

मी त्यांना उठवलं नाही. थोडं लांब जाऊन ठेकेदाराला फोन लावला आणि म्हणालो, "झाला."

आतून अक्कांची हाक आली, "ओ, निळ्याचा दुसरा डबा द्या की जरा."

अण्णांनी कूस बदलली. डबा मी नेऊन दिला.